भुताला चपला, राक्षसाला अंगठा

“मामा, ह्याची लाइफ किती?”

नरकचतुर्दशीची आदली रात्र. मसुऱ्यातल्या आमच्या घराच्या खळ्यात बसलो होतो आणि विषय चालला होता देवचाराचा. प्रश्न विचारणारा माझा भाचा, वय वर्षे अकरा, मुक्काम ठाणे. दिवसभर मोबाइलवर कुठल्याशा गुहेत शिरून तीन डोक्यांची, दगडी कातडीची जनावरं मारत बसला होता. सांजावलं तशी लाईट गेली, लाईटीमागून रेंज गेली आणि नाइलाजाने पोरगं आजीजवळ सरकलं. आजीने देवचार काढला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री गावाच्या शिवेवरून फेरी मारतो, काठीच्या घुंगरांचा आवाज येतो, आपण बघायला जायचं नाही. भाच्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मुद्द्यावर आला. लाइफ किती, कुठल्या हत्याराने मरतो, मारल्यावर काय मिळतं?

आई हबकलीच. “मेल्या, तेका मारतत काय? गाव राखता तो! तेका रोट द्यूचो, इडी द्यूची आणि सांगूचा, बाबा रे, घरादारावर नजर ठेव.”

झालं. गेममधला राक्षस मारण्यासाठी असतो आणि आमच्या मालवण मुलुखातला कामाला असतो, हा फरक आईने एका दमात सांगून टाकला. मग सुट्टी संपेपर्यंत मामा-भाच्याचा तोच उद्योग झाला. त्याचे राक्षस एका पारड्यात, आमचे दुसऱ्या. त्यातला हा निवडक माल.

कायम नोकरी, बदली नाही

देवचाराची नेमणूक गावाच्या हद्दीपुरती. त्याचा पगार वर्षातून एकदा, त्याला म्हणतात ‘राखण’. रोट, कोंबडा, विडी आणि ज्याच्या घरी चालतं त्याच्याकडून बाटलीतलं दोन घोट. पगार चुकला तर देवचार राजीनामा देत नाही, पण गुरं वाट चुकतात, माडाखालचे नारळ मोजणीत कमी भरतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, “औंदा राखण दिल्यात काय?”

याच देवचाराचं शेजारच्या गोव्यात काय झालं बघा. पोर्तुगीज पाद्री आले, त्यांना कोकणीत ‘सैतान’ला शब्द हवा होता. हाताशी होता देवचार. तोच उचलला. त्यामुळे आजही गोव्यातल्या ख्रिस्ती कोकणीत देवचार म्हणजे साक्षात सैतान आणि गोव्यातल्याच हिंदू घरात तोच देवचार वाडीचा राखणदार. एकाच आळीत, भिंतीच्या अल्याड वॉचमन आणि पल्याड गुन्हेगार. जगात इतकी वाईट बदनामी दुसऱ्या कुठल्या चौकीदाराची झाली नसेल.

नऊ नंबरचं माप नाही चालत

आता वरच्या पदावर येऊ. भुतांचा राजा वेताळ. वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याजवळ आरवली नावाचं गाव आहे, जयवंत दळवींचं गाव म्हणून मराठी वाचकांना ठाऊक असलेलं. तिथला श्री देव वेतोबा. नवसाला लोक दोन गोष्टी देतात. एक केळ्यांचा घड आणि दुसरी चामड्याच्या चपला. चपला साध्या नव्हेत, एकीत माणसाची चार-पाच पावलं मावतील एवढ्या थोरल्या. कारण काय, तर देव रात्रभर गावात फिरतो आणि चपला झिजतात. भाविक तळ उलटा करून झिजलेला भाग दाखवतात. पूर्वी वेतोबाची मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे.

भाच्याने हे ऐकून एक शब्द उच्चारला: “अपग्रेड.” मी कपाळावर हात मारला, पण विचार केला तर पोरगं चुकलेलं नव्हतं. गेममध्येही खेळाडू सतत आपल्या वीराला नवे बूट, नवी ढाल घेत असतो. इथे फक्त बूट भुताला घ्यायचे असतात.

वेताळाचा प्रांत मोठा. मुंबई-गोवा हायवेवरच्या ज्या गावाच्या पाटीवरून आपण एसटीने झोपेत पुढे जातो, ते वेताळ बांबर्डे त्याच्याच नावाचं. गोव्यातलं बेताळभाटी त्याचंच, तिथे आता पर्यटक समुद्रस्नानाला जातात. काणकोणातल्या लोलयेला तर त्याची उंचच्या उंच दगडी मूर्ती आहे, अंगावर वस्त्र नाही आणि चेहऱ्यावर कुणाचीही पर्वा नाही.

हा झाला गावातला वेताळ. पुस्तकातला त्याहून चलाख. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात वेताळाच्या 25 गोष्टी आहेत. प्रेतात शिरून झाडाला लटकणारा हा गृहस्थ राजाच्या खांद्यावर बसतो, गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं घालतो. रिचर्ड बर्टन या इंग्रजाने 1870 मध्ये त्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा 25 पैकी 11 च घेतल्या आणि पुस्तकाच्या नावात वेताळाला ‘व्हँपायर’ करून टाकलं. बिचाऱ्याने सबंध पुस्तकात कुणाचं थेंबभर रक्त प्यायलेलं नाही. त्याला फक्त बोलायला माणूस हवा असतो. कोकणातल्या दुपारी पडवीत बसलेल्या कुठल्याही आजोबांना विचारा, ही गरज किती खरी असते.

आणि तिसरा वेताळ चट्ट्यापट्ट्याची चड्डी घालणारा. अमेरिकेत ली फॉकने 1936 मध्ये जन्माला घातलेला ‘फँटम’ इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आला तो ‘वेताळ’ होऊन. आमच्या पिढीला वेताळ म्हटलं की कवटीची अंगठी आधी आठवते, आरवली नंतर. आईसमोर मी हे कधी बोललेलो नाही.

तीन याद्या

भुतांची मोजदाद कुणी केली? तीन याद्या शेजारी ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली जपानमधली. तोरियामा सेकिएन नावाच्या चित्रकाराने 1776 मध्ये तिथल्या भुताखेतांचं सचित्र पुस्तक काढलं. प्रत्येक पानावर एक भूत आणि त्याचं नाव. आजच्या जपानी गेम आणि कार्टूनमधली निम्मी पलटण या पुस्तकाची नातवंडं आहेत.

दुसरी अमेरिकेतली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा खेळ 1974 मध्ये आला आणि 1977 मध्ये गॅरी गायगॅक्सने त्याचं ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ लिहिलं. साडेतीनशेहून जास्त जीव, प्रत्येकाची ताकद आकड्यांत. भाच्याने विचारलेल्या ‘लाइफ’चं मूळ या खेळात.

तिसरी यादी कोकणातली आणि तिच्यामागची कथा एखाद्या भुताच्या गोष्टीपेक्षा चमत्कारिक. ए. एम. टी. जॅक्सन हा नाशिकचा कलेक्टर. संस्कृतचा अभ्यासक, लोक त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. त्याला लोकसमजुती गोळा करायचा नाद होता. त्याने प्रश्नांची यादी काढली आणि ती गावोगावच्या शाळामास्तरांकडे गेली: तुमच्याकडे कुठली भुतं आहेत, कुठल्या झाडावर राहतात, कशाने उतरतात? मास्तरांनी उत्तरं लिहून धाडली. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला गेलेल्या जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. इतिहासाच्या पुस्तकात हा प्रसंग आहे, भुतांची कागदपत्रं नाहीत. ती आर. ई. एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने पुढे संपादित केली आणि कोकणच्या लोकसमजुतींचा खंड 1915 मध्ये छापून आला. म्हणजे अमेरिकेच्या मॅन्युअलच्या 62 वर्षं आधी आमच्या मास्तरांनी आमचं मॅन्युअल तयार करून ठेवलं होतं, तेही शाळा सांभाळून.

ही यादी वाचताना हसू येतं आणि मग येईनासं होतं. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर. वासना अडकलेला ब्राह्मण समंध किंवा ब्रह्मराक्षस. बाळंतपणात गेलेली बाई अलवंतीण. मुसलमानाचं किंवा सिद्दीचं भूत खवीस. आपण म्हणतो मरणाने सगळे सारखे होतात. इथे मेल्यावरही जात, धर्म, बाई-बाप्या आणि लग्न झालं होतं की नाही हे रकाने भरावेच लागतात. वाचताना खानेसुमारी वाचतोय असंच वाटतं.

शब्दांची गंमत मात्र खास. जखीण ही मुळातली यक्षिणी. देवळाच्या खांबावर कमनीय उभी असलेली बाई लोकांच्या तोंडी येता येता विहिरीवर बसली. खवीस आला अरबी ‘खबीस’वरून, अर्थ दुष्ट. आणि समंध म्हणजे आपला साधा ‘संबंध’. तुटत नाही तो समंध. याहून चांगली व्याख्या कुठल्याही मॅन्युअलात सापडायची नाही.

हात उलटे की पाय?

अमेरिकन यादीत आपला ‘राक्षस’ त्याच नावाने आहे. वाघाचं डोकं, अंगात भारी रेशमी झगा, तोंडात चिरूट किंवा पाइप आणि तळहात उलटे, म्हणजे आपण जिथे तळवा बघतो तिथे त्याची हाताची पाठ. आता रामायण-महाभारत उलटंपालटं केलं तरी असा राक्षस सापडणार नाही. तो आला टीव्हीवरून. 1974 मध्ये ‘कोल्चॅक’ नावाच्या अमेरिकन मालिकेच्या एका भागात भारतातून आलेला राक्षस दाखवला होता. समोरच्याला ज्याच्यावर विश्वास त्याचं रूप घेणारा आणि मंतरलेल्या बाणाने मरणारा. गेम बनवणाऱ्यांनी तो उचलला, बाणासकट. पुढे चित्रकाराने वाघाचं तोंड दिलं आणि तेच जगभर पक्कं झालं.

उलटे हात ऐकून आई म्हणाली, “हात कित्याक? भुताचे पाय उलटे असतत.” बरोबरच आहे. सातासमुद्रापार जाताना उलटेपणा तेवढा पोचला, अवयव बदलला.

पुराणांनी गेमवाल्यांना खरं दान दिलंय ते राक्षसाच्या तोंडाचं नव्हे, नियमांचं. रक्तबीज घ्या. मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्यात तो येतो. रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तिथून दुसरा रक्तबीज उभा. जितकं मारावं तितके वाढतात. ज्याने कुठलाही गेम खेळलाय त्याला हा शत्रू ओळखीचा आहे, वार केला की दोन तुकडे होऊन दोघे अंगावर येणारा. उपाय एकच होता, थेंब खाली पडूच द्यायचा नाही. कालीने ते काम जिभेवर घेतलं. भाचा पाच मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, “लेव्हल डिझाइन सॉलिड आहे.”

समुद्राकाठच्या माणसांसाठी एक खास. संस्कृतात ‘तिमि’ म्हणजे प्रचंड मासा. त्याला गिळणारा तो ‘तिमिंगिल’. आणि त्यालाही गिळणारा एक आहे, त्याचं नाव ‘तिमिंगिलगिल’. पुढे कोशकार दमले असावेत. आमच्या सर्जेकोटच्या बाजारात ही मासळी अजून आलेली नाही.

228 फूट खोल

मसुऱ्यात राक्षस कुठे राहील असं पोराला विचाराल तर बोट भरतगडाकडे जाईल. कालावलच्या खाडीवर नजर ठेवून असलेली ही टेकडी. पलीकडच्या काठावर भगवंतगड. गॅझेटिअरातली हकिगत अशी की शिवाजी महाराज इथे जागा बघायला आले होते, पण पाणी नाही म्हणून बेत सोडला. पुढे वाडीच्या फोंड सावंतांनी खडक फोडत विहीर खणायला घेतली, 228 फुटांवर पाणी लागलं आणि 1701 मध्ये गड उभा राहिला. आज गडावर आंब्याची कलमं आहेत. विहिरीच्या काठावर पालथं पडून आत खडा टाकायचा आणि आवाज येईपर्यंत मोजायचं, हा आमच्या लहानपणचा खेळ होता. घरी कळलं की मार. खाली आसरा राहतात, खडा लागला त्यांना तर? साती आसरा म्हणजे जलदेवता, आया-बायांच्या बोलण्यात अर्ध्या देवी आणि अर्ध्या धाक. मला आता वाटतं, 228 फुटी विहिरीच्या काठाला कठडा बांधण्यापेक्षा आत आसरा बसवणं स्वस्त पडलं असावं.

खाडीत मात्र आसरा नाहीत, तिथे गिरो. रात्री मासे पकडायला गेलेल्या माणसाला ओळखीच्या आवाजात हाक मारतो आणि उथळातून खोलात नेतो. पण त्याच्या डोक्यावरचा एक केस हाती लागला तर तो जन्मभर चाकर. आईच्या गोष्टीतल्या माणसाने तो केस घराच्या वाशात लपवला आणि दर सकाळी दारात टोपलीभर मासळी येऊ लागली. बायकोने दिवाळीची झाडलोट करताना केस काढून टाकला. (आमच्या घरातल्या बहुतेक गोष्टी अशा बायकोच्या झाडलोटीने संपतात. सांगणारी बाईच असते, म्हणून मला याचं जास्त नवल.)

गिरोचा जपानी चुलतभाऊ म्हणजे कप्पा. तोही पाण्यातला, माणसं ओढणारा. त्याच्या टाळूवर खोलगट वाटी असते आणि तिच्यात पाणी, त्यातच त्याची सगळी ताकद. उपाय सभ्य आहे: वाकून नमस्कार करायचा. कप्पा रीतभात पाळणारा, उलट वाकतो, पाणी सांडतं, खेळ खलास. काकडी त्याला फार आवडते, इतकी की जपानात काकडीच्या सुशीचं नावच ‘कप्पामाकी’. भुताच्या आवडीवरून पदार्थाचं नाव ठेवणारी माणसं आपल्याला परकी कशी वाटतील? आपल्याकडे ‘देवचार वडे’ अजून कुणी काढले नाहीत, हे हॉटेलवाल्यांचं दुर्लक्ष.

चकव्याचं माप निघालंय

चकवा ही आमच्याकडची सगळ्यात सौम्य पीडा. दिसत नाही, चावत नाही. माणूस सड्यावरून घरी निघतो आणि तासभर चालून पुन्हा त्याच आंब्याखाली येतो. उपाय म्हणजे खाली बसायचं, पानाची पिशवी काढायची, उजाडायची वाट बघायची.

2009 मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत यान सौमन आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सोडलं, सरळ चाला म्हणून सांगितलं आणि जीपीएसने माग काढला. सूर्य किंवा चंद्र दिसत असेतो माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढग आले, चंद्र मावळला, की वळू लागली आणि आपल्याच वाटेला छेद देऊन गेली. तरी आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री. डोळ्यांवर पट्टी बांधली तर काहींचा फेरा 20 मीटर व्यासाच्या आत. कारण एक पाय आखूड असणं वगैरे नाही, सरळ म्हणजे काय याचा मेंदूतला अंदाज पावलागणिक थोडा थोडा सरकत जातो. खाली बसून उजाडायची वाट बघणं हाच शास्त्रीय सल्ला ठरतो. पानाच्या पिशवीबद्दल जर्मनांनी काही म्हटलेलं नाही.

सगळ्यात स्वस्त बॉस फाइट

पहाटे चारला भाच्याला उठवला. अंघोळ, उटणं, थंडीने दातखीळ. तुळशीपुढे आईने कारीट ठेवलं होतं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: सुपारीपेक्षा थोडं मोठं, पांढऱ्या पट्ट्यांचं हिरवं फळ, वेलीला कुंपणावर फुकट लागतं आणि विषासारखं कडू. हा नरकासुर. प्राग्ज्योतिषपूरचा राजा, सोळा हजार बायकांना कैदेत ठेवणारा, कृष्ण-सत्यभामेला गरुडावर बसून ज्याच्यावर चालून जावं लागलं तो. आमच्याकडे तो डाव्या पायाच्या अंगठ्याखाली मरतो. पचकन आवाज येतो, “गोविंदा, गोविंदा” ओरडायचं आणि कारटाचा रस बोटाने जिभेला लावायचा.

भाच्याचा पहिला वार घसरला. कारीट सुटून तुळशीवृंदावनाला आपटलं आणि गटाराकडे गडगडत गेलं. बॉस पळाला! चुलत्याने तो बॅटरीच्या उजेडात शोधून आणला. दुसऱ्यांदा टाचेने मारलं तर आजी म्हणाली, “टाचेन न्हय, आंगठ्यान.” नियम म्हणजे नियम. तिसऱ्यांदा जमलं. मग जीभ लावली आणि त्याचं तोंड जे झालं ते मॅन्युअलात छापण्याजोगं होतं.

बक्षीस मात्र लगेच. या दिवसाला आमच्याकडे चावदिवस म्हणतात. गोडे पोहे, तिखट पोहे, दुधातले, ताकातले, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासोबतचे, आणि एका घरचे संपले की पुढच्या घरी. सीमेपलीकडे गोव्यात याच पहाटे कागदाचे, गवताचे दोन मजली नरकासुर जाळतात, त्यांच्या स्पर्धा लागतात, आणि अलीकडे तिकडचं वारं सिंधुदुर्गातही चांगलंच आलंय. देखावा मोठा, मान्य. पण ज्या राक्षसाची चव घ्यावी लागते तो जास्त लक्षात राहतो.

पत्त्यांतले अवतार, पडद्यावरचे मुंजे

कल्पनेतल्या प्राण्यांचे पत्ते घेऊन खेळायचं हे आजच्या मुलांना नव्वदीनंतरचं वाटतं. सावंतवाडीचा गंजिफा बघा. दशावतारी गंजिफ्यात 10 अवतारांचे 10 रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि 10 साधी पानं, एकूण 120. पानं गोल, हाताने रंगवलेली. मासा, कासव, वराह, अर्धा सिंह असे रंग हातात घेऊन बसायचं. नियम ऐका: दिवसा डाव रामापासून सुरू, रात्री कृष्णापासून. आणि निम्म्या रंगांत दश्शी मोठी तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. भाच्याचं डोकं इथे पहिल्यांदा गरगरलं. ही कला मरायला टेकली होती. 1970 च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच तिला पुन्हा हात धरून उभं केलं. ओडिशाच्या गंजिफ्यात तर ‘नवगुंजर’ असतो: कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, सापाची शेपटी, पायांच्या जागी वेगवेगळी जनावरं आणि एक हात चक्क माणसाचा. सारळा दासांच्या ओडिया महाभारतात अर्जुनापुढे तो येतो. अर्जुन धनुष्य उचलतो, तो माणसाचा हात बघतो आणि ओळखून खाली ठेवतो.

आपल्या मातीतला संगणकी गेमही आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ काढला. सर्कशीतली मुलगी, तिचा पळवलेला भाऊ गोलू आणि पलीकडे महाबलासुर. मधल्या गोष्टी छायाबाहुल्यांनी सांगितल्यात, पण बालीच्या ढंगाने. इथे माझी एक तक्रार. पुण्याहून एक रात्रीची गाडी पकडली तर कुडाळजवळचं पिंगुळी. तिथल्या ठाकर कलाकारांच्या चित्रकथीत आणि चामड्याच्या बाहुल्यांत रावणापासून सगळे राक्षस पिढ्यान्‌पिढ्या तयार बसलेत. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्रीही मिळाली. बाली कशाला?

सिनेमाने मात्र कोकण सोडलं नाही. ‘तुंबाड’ (2018) या चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आणि भयाचं बीज नारायण धारपांच्या कथेतलं. त्यातला हस्तर सोन्यावर बसलेला, पण भुकेला पिठाचा. कणकेची बाहुली दाखवली की धावून येणारा. त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाचा ‘हॅस्टर’ एकोणिसाव्या शतकात अमेरिकन लेखक अँब्रोस बिअर्सच्या कथेत आहे. तिथे तो मेंढपाळांचा साधाभोळा देव. पुढच्या लेखकांनी त्याला बिघडवला. देवचाराचीच कथा की ही! 2024 च्या ‘मुंज्या’त तर पिंपळावरचा आमचा मुंजा संगणकावर जन्मून लग्नाच्या हट्टाला पेटला. आईने तो टीव्हीवर पाहिला. तिचं मत: “इतको बडबडणारो मुंजो मी खय बघूक नाय.” म्हणजे कमी बडबडणारा बघितलाय का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

वेद पळवणारा

सुट्टीचे शेवटचे दिवस. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमाराला जत्रांचा हंगाम उघडतो आणि आमच्याकडच्या देवळांपुढे रात्री दशावतार उभा राहतो. पेटी, मृदंग, झांज, मागे एक पडदा, पुढे लाकडी बाक. लिहिलेली संहिता नाही, संवाद जागच्या जागी. आधी गणपती येतो, मग मोरावर बसून सरस्वती, मग ब्रह्मदेव, आणि मग सगळी पोरं ज्याच्यासाठी जागी असतात तो संकासुर. पुराणातला हा शंखासुर, समुद्राचा पोर. ब्रह्मदेवाचे वेद चोरून पाण्यात लपवणारा आणि विष्णूला मत्स्य व्हायला लावणारा. आमच्या रंगमंचावर मात्र काळ्या कपड्यांतला, तोंडावर काळा बुरखा ओढलेला, अस्सल मालवणी बोलणारा खट्याळ इसम. देव शुद्ध मराठीत बोलतात, राक्षस गावच्या भाषेत. टाळ्या कुणाला मिळतात हे सांगायला नको.

भाचा पहिल्या रांगेत, मांडीवर मोबाइल, त्याच्या उजेडाने तोंड निळं. संकासुर आला, नाचला, ब्रह्मदेवाची पोथी काखोटीला मारली आणि निघता निघता थबकला. पोराकडे बोट दाखवून पेटीवाल्याला म्हणाला, “येद चार म्हणान आयकलंलंय. ह्यो पाचवो खयसून इलो?” आणि वाकून मोबाइल उचलून पडद्यामागे पसार. देऊळ हसून हसून आडवं. भाचा तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला. पुढचा पाऊण तास त्याने जन्मात पहिल्यांदा एकही बटण न दाबता राक्षस बघितला.

शेवटी विष्णू आला. लढाई झाली, संकासुर पडला, पडल्यावरही दोन विनोद करून मेला. विष्णूने ब्रह्मदेवाला पोथी परत दिली, मग शेल्याखालून मोबाइल काढून मंडपभर फिरवला. “हा पाचवा वेद कोणाचा?” भाचा उठून गेला आणि दोन्ही हात पुढे करून त्याने तो घेतला.

बॅटरी चार टक्के होती. घरी येताना वाटेत पिंपळ लागतो, तिथे त्याने टॉर्च लावायला मोबाइल काढला, मग पुन्हा खिशात ठेवला आणि माझा हात धरला. “मामा,” तो हळूच म्हणाला, “आपल्याकडे विडी आहे का?”